सायकलच्या चाकात हवा किती असावी?

सायकलच्या चाकात हवा भरण्याइतके सोपे काम दुसरे नसावे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. टायर अंगठ्याने दाबून पाहावा, कठीण लागला की निघावे, ही लहानपणापासूनची रीत. अरुंद टायरांची रोड सायकल घेतल्यावर मीही टायरच्या कडेवर छापलेला १२० पौंडांचा आकडा प्रमाण मानून तितकी हवा भरू लागलो. एका पावसाळी सकाळी सिंहगडाचा घाट उतरताना वळणावर पुढचे चाक घसरले, कोपर सोलवटले आणि या विषयाचा अभ्यास करणे भाग पडले.

हवेचा दाब दर चौरस इंचास पौंडांत, म्हणजेच पीएसआयमध्ये मोजतात. टायरवरील आकडा हा या दाबाची कमाल मर्यादा असतो, शिफारस नव्हे. कर्जाची मंजूर मर्यादा आणि खरी गरज या भिन्न बाबी आहेत, हे आम्ही ग्राहकांना नेहमी सांगतो. येथे मात्र मीच ते विसरलो होतो.

अतिकठीण टायर खडबडीत रस्त्यावर प्रत्येक उंचवट्यागणिक उसळतो. त्यात आपली शक्ती वाया जाते, धक्के शरीराला सोसावे लागतात आणि पकड कमी होते. उलटपक्षी, दाब फार कमी असल्यास सायकल जड चालते. शिवाय खड्ड्याची कड व रिम यांच्यात ट्यूब चिमटून तिला शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात.

योग्य दाब या दोहोंच्या मध्ये असतो. तो वजन, टायरची रुंदी व रस्ता यांवर ठरतो. स्वार, सायकल व सामान मिळून ८० किलो वजन असल्यास २५ मिलिमीटर रुंदीच्या टायरात मागे सुमारे ८५ व पुढे ८० पौंड, तर २८ मिलिमीटरच्या टायरात मागे ७५ व पुढे ७० पौंड ही चांगली सुरुवात होय. मागच्या चाकावर भार अधिक असतो, म्हणून हा फरक. वजन जास्त असल्यास दाब थोडा वाढवावा. रस्ता ओला वा खराब असल्यास सुमारे ५ पौंडांनी घटवावा. टायर व रिम यांपैकी ज्याची मर्यादा कमी, ती कदापि ओलांडू नये. 'हुकलेस' प्रकारच्या रिमांसाठी ती साधारणतः ७२ पौंड असते.

ट्यूबमधून हवा हळूहळू झिरपत असते आणि ८० व १०० पौंडांतील फरक अंगठ्याला कळत नाही. म्हणून दाबमापक असलेला पंप घरी ठेवावा, निघण्यापूर्वी दाब तपासावा आणि कोणत्या रस्त्यावर कोणता आकडा सुखकर वाटला, याची नोंद ठेवावी. काही आठवड्यांतच आपला आकडा आपल्याला गवसतो.