अवजाराची ओळख नेमकी हवी

शाळेच्या निकालपत्रकाची संगणकप्रणाली आपण एआय एजंटकडून तपासून घेत आहोत, असे समजू. गुण भरणे, बेरीज पडताळणे, नोंद पुसणे यांसाठी आपण त्याला छोटी अवजारे देतो. २०२४ साली जाहीर झालेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलनुसार अवजाराचे नाव, वर्णन आणि त्याला लागणाऱ्या माहितीचा आराखडा एजंटला कळवला जातो. आतली आज्ञावली त्याला सहसा दिसत नाही; वर्णन वाचूनच तो अवजार निवडतो. ‘नोंदी साफ करते’ एवढेच लिहिले, तर कोणाच्या नोंदी? त्याऐवजी लिहावे : ‘फक्त चाचणीसाठी भरलेल्या काल्पनिक विद्यार्थ्यांच्या नोंदी पुसते, पुसलेली नोंद परत मिळत नाही.’ अर्थात, वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. खऱ्या गुणांना हात लावण्याची परवानगीच या अवजाराला असू नये.