संगणकीय भूमिनोंदींचे स्थलांतर : दक्षता आणि पडताळणी

पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या पांढुर्णा व सौंसर या तहसिलींचा ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या या मराठीभाषी भागात पीककर्ज, वारसाहक्क व नुकसानभरपाई यांचा आधार म्हणजे खसरा व बी-१ होय. या नोंदी आता संगणकात असतात. त्या साठविणारी प्रणालीही काही वर्षांनी जुनी होते व नोंदी नव्या आवृत्तीत न्याव्या लागतात.

उदाहरणार्थ, पोस्टग्रेस या मुक्त प्रणालीची मुख्य आवृत्ती साधारणपणे दरवर्षी निघते आणि प्रत्येक आवृत्तीस सुमारे पाच वर्षेच दुरुस्त्या मिळतात. त्यानंतर आढळलेले दोष तसेच राहतात. म्हणून स्थलांतर टाळता येत नाही. परंतु जुन्या आवृत्तीच्या फायली नव्या आवृत्तीस जशाच्या तशा वाचता येत नाहीत.

पटवाऱ्याची बदली झाली म्हणजे दप्तराचा प्रभार मोजून दिला-घेतला जातो. येथेही तोच नियम पाळावा. प्रथम नव्या नोंदी घेणे थांबवावे. मग नव्या आवृत्तीच्या साधनाने जुन्या संचाची संपूर्ण प्रत काढावी; वापरकर्ते व त्यांचे अधिकार यांची प्रत वेगळी घ्यावी. ही प्रत आधी दुसऱ्या संगणकावर उतरवून पाहावी, कारण जी प्रत उतरविता येत नाही ती प्रतच नव्हे. त्यानंतर गावनिहाय खसऱ्यांची संख्या व एकूण क्षेत्र यांचा दोन्हीकडील मेळ घालावा आणि काही खसरे प्रत्यक्ष वाचून ताडावेत.

फायली कायम ठेवून आवृत्ती बदलण्याची जलद रीतही आहे. तीत एक धोका संभवतो. लिनक्समधील अक्षरक्रमाचे नियम २०१८ मध्ये मोठ्या प्रमाणावर बदलले. संगणकाची मूळ प्रणालीही त्याच वेळी बदलली गेल्यास जुनी अनुक्रमणिका चुकीची ठरू शकते. नोंद असूनही शोधात ती सापडत नाही. अशा वेळी अनुक्रमणिका नव्याने बांधणे आवश्यक ठरते.

मराठी नावांबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. जुन्या अक्षरसंचातून युनिकोडमध्ये येताना ‘काळे’चे ‘काले’ किंवा ‘कुऱ्हाडे’चे ‘कुर्हाडे’ झाल्यास तोच खातेदार कागदोपत्री परका ठरतो. ‘ऱ्ह’ हे जोडाक्षर तर संगणकात दोन प्रकारे लिहिता येते. डोळ्यांना ते सारखेच दिसते, परंतु संगणक त्यांना भिन्न मानतो.

मेळ पूर्ण होईपर्यंत जुना संच मुळीच पुसू नये. तथापि नव्या संचात कामकाज सुरू झाल्यावर झालेले नामांतरण (फेरफार) जुन्यात नसते, हे ध्यानात ठेवून मागे परतण्याचा निर्णय त्यापूर्वीच घ्यावा.

खातेदारांनीही जुनी प्रमाणित नक्कल जपून ठेवावी आणि स्थलांतरानंतर नाव, खसरा क्रमांक व क्षेत्र तपासून घ्यावे. तफावत आढळल्यास तहसील कार्यालयात तत्काळ लेखी अर्ज करणे हिताचे होय. गावातील शिक्षकांनी वृद्ध व निरक्षर खातेदारांना नक्कल वाचून दाखविल्यास अनेक चुका वेळीच दुरुस्त होतील.