ट्रॅक्टरचा गिअर पडत नाही? आधी दोष ओळखा



ऐन पेरणीत गिअर कर्रकर्र वाजू लागला की आपण म्हणतो, "गिअर बॉक्स गेला!" मेस्त्री तो खोलून बसतो, आणि वाफसा काही आपल्यासाठी थांबत नाही. पुष्कळदा दोष क्लचच्या पेडलपाशीच असतो. म्हणून खर्चात पडण्यापूर्वी पुढील तपासणी घरीच करा.

ट्रॅक्टर सपाट जागी लावा. हँडब्रेक ओढा, अवजार जमिनीवर टेकवा, पी.टी.ओ. बंद करा. पुढेमागे कोणी, विशेषतः लहान मूल, उभे राहू देऊ नका.

१) इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहा. एखादा अडला तर दातावर दात आला असेल. हँडब्रेक सोडून ट्रॅक्टर किंचित हलवा, पुन्हा ओढा आणि पाहा. तरीही सगळेच जड जात असतील तर दोष लिव्हरच्या जोडणीत किंवा गिअर बॉक्सच्या आत आहे.

२) आता गिअर न्यूट्रलमध्ये आणून इंजिन सुरू करा. एक पाय ब्रेकवर ठेवा, क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि गिअर टाका. इंजिन बंद असताना सहज पडणारा गिअर आता वाजत असेल, तर क्लच पुरता सुटत नाही असे समजा. इंजिन बंद करून पेडलचा मोकळा खेळ मोजा. तो माहितीपुस्तिकेत दिल्यापेक्षा जास्त असेल तर जुळवून घ्या. खेळ फार कमी असला तर उलटे होते: इंजिन गुरगुरते, ओढ मात्र लागत नाही आणि जळका वास येतो.

३) गिअर ऑईल पाहा. दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. लोखंडाचे तुकडे निघाले तर दात झिजले किंवा तुटले आहेत. अशा वेळी ट्रॅक्टर चालवू नका.

४) एकच गिअर आपोआप सुटतो? त्याचा फोर्क, अडकण किंवा दात झिजले असावेत. हा दोष उद्यावर ढकलू नका. भरल्या ट्रॉलीसह उतारावर गिअर सुटला तर इंजिनाचा रोध जातो आणि सारा भार ब्रेकवर येतो. जिवावर बेतायला वेळ लागत नाही.

क्लचवर पाय ठेवून ट्रॅक्टर हाकू नका. आणि ज्या ट्रॅक्टरात चालता गिअर बदलण्याची सोय नाही, तो थांबवूनच गिअर बदला.

मेस्त्रीकडे जाल तेव्हा नुसते "गिअर बिघडला" म्हणू नका. कोणता गिअर, इंजिन चालू की बंद, हे सांगा. निम्मे काम तिथेच होते.