गाडी आणि गोतावळा (भाग ९) : शेवटच्या तीन किलोमीटरची गाडी

ज्यांनी कधी वडापने प्रवास केला आहे, त्यांना रांगड्या गाडीत अख्खं घर कोंबून निघण्याचं फारसं अप्रूप वाटणार नाही. सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात स्टँडबाहेर एखादी ट्रॅक्स किंवा कमांडर उभी असायची. पुढे चालकाला खेटून दोघं, मध्ये चौघं, मागच्या समोरासमोरच्या बाकांवर मावतील तेवढे आणि टपावर पोती. त्या गाड्या कोणी हौसेने निवडल्या नव्हत्या. गावापर्यंत पोचायला दुसरं काही मिळत नव्हतं, म्हणून लोक त्यात बसत. तालुक्याला जायचा रस्ता डांबरी झाला तसे तेच लोक पुढे मारुतीत आणि सँट्रोत बसू लागले.

आता त्याच घराण्याच्या गाड्या काचबंद, वातानुकूलित होऊन, पंधरा-वीस लाखांची पाटी लावून परतल्या आहेत. महिंद्राने १९४७ साली भारतात विलिस जीप जोडायला सुरुवात केली. थार हा त्याच वंशाचा आजचा वारस. ट्रॅक्स बनवणारी बजाज टेम्पो पुढे फोर्स मोटर्स झाली आणि तिची गुरखा पुण्याच्या आकुर्डीतल्या कंपनीची असली तरी तयार होते मध्य प्रदेशात पीथमपूरला. मारुतीची जिम्नी म्हणजे जुन्या जिप्सीची धाकटी बहीण. गाड्या बदलल्या, आणि घेणाराही बदलला. त्याला आता गावापर्यंत पोचायचं नाही. सुट्टीत बायको, मुलं आणि आईवडील यांना घेऊन हजारभर किलोमीटर महामार्ग कापायचा आहे. मूळ काम एक आणि आजचं काम दुसरं, हा पेच गाडी निवडताना सतत आडवा येतो.

उदाहरण म्हणून नागपूरचं एक कुटुंब घेऊ. नवरा-बायको, दोन मुलं, आणि पंचाहत्तरीची आजी. जायचं आहे दापोलीला. समृद्धीवरून छत्रपती संभाजीनगर, तिथून अहिल्यानगरमार्गे पुणे, मुक्काम, मग ताम्हिणी घाट उतरून माणगाव आणि पुढे मंडणगडमार्गे दापोली. सगळं मिळून नऊशेच्या आसपास किलोमीटर. शेवटी खाडीच्या बाजूला उतरणारी, जांभ्या दगडाची तीन किलोमीटरची कच्ची वाट. फोर बाय फोरची खरी गरज पडली तर ती या तीन किलोमीटरला, आणि तीही जूनच्या पावसात ती तांबडी माती शेवाळासारखी निसरडी झाल्यावर. उरलेल्या जवळपास नऊशे किलोमीटरला गाडीकडून मागणी वेगळीच असते. जाहिरातीत मात्र ते तीनच किलोमीटर दिसतात.

आता हे दोन्ही एका गाडीत बसवताना नेमकं काय होतं, ते थारच्या दोन भावंडांवरून छान कळतं. आजची तीन दारांची थार २०२० मध्ये आली. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २४५० मिलिमीटर. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या पाच दारी थार रॉक्समध्ये ते २८५० झालं. जुन्या विलिसमध्ये ते ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर होतं, हेही जाता जाता लक्षात असू द्यावं. तीन दारीतून पाच दारीत जाताना वाढलेल्या या चाळीस सेंटिमीटरमध्ये घरातल्या निम्म्या तक्रारींचं उत्तर आहे. मागे स्वतंत्र दारं आली, गुडघ्यांना जागा आली, डिकी ४४७ लिटरची झाली. लांब गाडी रस्त्याच्या उंचवट्यांवर पुढे-मागे कमी डुलते, त्यामुळे आजीला डुलकी लागते. पण याच चाळीस सेंटिमीटरचा दंड डोंगरात भरावा लागतो. पुढची-मागची चाकं एकमेकांपासून जितकी लांब, तितका मधला पोटाचा भाग उंचवट्यावर टेकण्याचा धोका जास्त. पोट न घासता गाडी किती तीव्र उंचवटा ओलांडू शकते, तो कोन छोट्या थारमध्ये २६ अंशांच्या पुढे आहे. रॉक्समध्ये तो २४च्या जवळ उतरतो. घरच्यांची सोय आणि डोंगरातली चपळाई यांचा व्यवहार इथे उघडपणे होतो, आणि कुटुंबासाठी तो दोन अंशांचा तोटा सोसण्यासारखा आहे.

तीन दारी थार कुटुंबाच्या दूरच्या प्रवासाला नकोच, असं थेट म्हणावंसं वाटतं. ती चौघांची गाडी आहे, म्हणजे आपलं नागपूरचं कुटुंब पहिल्याच पायरीवर बाद. मागे बसायला पुढची सीट वाकवून, अंग चोरून शिरावं लागतं. टणक छताच्या गाडीत मागच्या काचा उघडत नाहीत. ताम्हिणीत एखाद्या मुलाचा चेहरा पांढरा पडू लागला की ही काच किती महाग पडते, ते आईला विचारावं.

मराठीत म्हणतात, ‘गाडी लागली’. दोष थेट गाडीवरच. ती म्हण नव्हे, पण शास्त्राला धरून आहे. डोळ्यांना पुढच्या सीटची पाठ स्थिर दिसते आणि कानातला तोल सांभाळणारा भाग मात्र सांगतो की शरीर डावी-उजवीकडे फेकलं जातंय. या दोन बातम्यांचा मेळ बसत नाही आणि पोट ढवळतं. उंच, शिडीसारख्या चौकटीवर बांधलेल्या आणि मागे अखंड धुरा असलेल्या गाडीत ही फेकाफेक अधिक होते. एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की अख्खा धुरा तिरका होतो आणि त्याचा हिसका दुसऱ्या बाजूच्या माणसालाही बसतो. दोन्ही धुऱ्यांच्या मधोमध बसलेला कमी हलतो; मागच्या धुऱ्याच्या वर किंवा पलीकडे बसलेला सर्वांत जास्त. म्हणून वडापच्या मागच्या बाकावरच्या पोरांना आलेपाक आणि आवळासुपारी लागायची, पुढच्यांना नाही. सात आसनी गाडी पाहताना ‘मुलं बसतील की मागे’ असं सहज म्हटलं जातं. घाटात सर्वांत आधी गाडी लागणाऱ्यांनाच आपण सर्वांत वाईट जागा देतो.

रॉक्स आणि महिंद्राचीच स्कॉर्पिओ-एन या दोघींत मागचा धुरा अखंडच आहे, पण त्याला वॉट्स लिंकेज नावाची जोडणी दिलेली आहे. धुरा वर-खाली होताना तो आडवा सरकू नये, म्हणून ही युक्ती. नाव वाफेच्या इंजिनाच्या जेम्स वॉटचं. त्याने अठराव्या शतकात दट्ट्याचा दांडा सरळ रेषेत ठेवायला ती शोधली होती. महामार्गावर वेगात वळण घेताना मागची बाजू भरकटल्यासारखी वाटत नाही, त्याचं बरंचसं श्रेय तिचं. कमी वेगात, तुटक्या रस्त्यावर मात्र या गाड्या प्रवाशांना हलवतातच.

जिम्नीचं प्रकरण जरा मनाला लावून घेण्यासारखं आहे, कारण गाडी गोड आहे. वजन जेमतेम १२०० किलो, पुढे-मागे दोन्ही अखंड धुरे, खरीखुरी लो रेंज (संथ वेगात जास्त जोर देणारा गियर), अरुंद अंग. खाडीकडे उतरणाऱ्या त्या तीन किलोमीटरवर ती बहुतेक सगळ्यांच्या पुढे असेल. २०२३ मध्ये भारतात ती पाच दारांची होऊन आली, तरी माणसं चारच. चारही जागा भरल्यावर डिकी उरते २०८ लिटरची. येताना आंब्याच्या पेट्या आणायच्या असतील तर कपड्यांच्या बॅगा मांडीवर. १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन सुमारे १०५ अश्वशक्तीचं. शहरात ती पुरते, घाटातही पुरते. भरल्या गाडीत १२०च्या वेगाने ट्रेलर ओलांडायचा असेल तर इंजिनाची धाप ऐकू येते. डोंगरात दगडांचे हादरे हाताला कमी बसावेत म्हणून दिलेलं जुन्या धर्तीचं स्टिअरिंग सपाट रस्त्यावर किंचित सैल वाटतं, सारखं सावरावं लागतं. पाचशे किलोमीटरनंतर खांदे ते सांगतात.

वेगाचा आणि चौकोनी आकाराचा हिशेब तर बहुतेकजण करतच नाहीत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ८० वरून १२० वर गेलं की वेग दीडपट होतो, विरोध सव्वादोनपट. निमुळत्या सेडानलाही हा नियम लागू आहे, पण भिंतीसारखी उभी काच आणि कपाटासारखी पाठ असलेल्या गाडीत मुळातलाच विरोध मोठा; त्याची सव्वादोनपट म्हणजे टाकीला भोकच. समृद्धी ७०१ किलोमीटरचा आहे आणि सपाटीवर कारला १२०ची मुभा आहे. जिम्नीची टाकी ४० लिटरची. लिटरला १३ किलोमीटर धरले तरी ५२० किलोमीटरला ती रिकामी. रॉक्सची ५७ लिटरची. तीच गाडी ९५-१०० वर ठेवली तर टाकी लांब पल्ल्याची होते, वाऱ्याची घरघर कमी होते आणि मागच्या सीटवरच्या गप्पा पुढे ऐकू येतात. टपावर कॅरिअर बसवून त्यावर बॅगा रचल्या की हा सगळा हिशेब पुन्हा बिघडतो, शिवाय आधीच उंच गाडीचा गुरुत्वमध्य आणखी वर जातो.

फोर बाय फोरबद्दल एक गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर थांबायलाच हवं. पाऊस पडू लागला की काही जण महामार्गावरच दांडा फोर-हायमध्ये टाकतात, ‘पकड वाढते’ म्हणून. या वर्गातल्या गाड्यांत ही यंत्रणा अर्धवेळची असते. पुढचा आणि मागचा धुरा एकमेकांना घट्ट बांधले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात किंवा वाळूत चाक थोडं घसरून हा फरक भरून निघतो. डांबरावर ते घसरत नाही, मग ताण गियर आणि शाफ्टवर चढत जातो, स्टिअरिंग जड होतं, टायर झिजतात. आणि ब्रेक? ते प्रत्येक गाडीत चारही चाकांनाच असतात. पुण्याच्या बाह्यवळणावर ओल्या रस्त्यात गाडी वेळेत थांबते ती टायरच्या नक्षीमुळे आणि चालकाने ठेवलेल्या अंतरामुळे. रुबाबासाठी बसवलेले जाडजूड खाचांचे, चिखलासाठीचे टायर ओल्या डांबरावर साध्या टायरपेक्षा कमी पकड देतात आणि दिवसभर भुणभुणतात.

पाण्याचंही तसंच. थारच्या माहितीपत्रकात ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता दिलेली असते. गुरखाची ७०० आहे आणि तिला इंजिनाची हवा वरून घेणारी नळी, स्नॉर्केल, कंपनीकडूनच बसवून येते. हे आकडे साचलेल्या, संथ पाण्याचे आहेत. ६५० मिलिमीटर म्हणजे दोन फुटांहून थोडं जास्त. आणि साधारण दोन फूट वाहतं पाणी मोठ्या एसयूव्हीलाही उचलून नेऊ शकतं, कारण गाडी तरंगू लागली की चाकं चार फिरोत नाहीतर दोन, काही फरक पडत नाही. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर माहितीपत्रक घडी घालून ठेवावं आणि चहाची टपरी शोधावी.

सुरक्षिततेचे स्टार पाहताना मोठ्यांचे आणि मुलांचे वेगवेगळे पाहावेत. स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने मोठ्यांसाठी ५ स्टार दिले, मुलांसाठी ३. रॉक्सने २०२४ मध्ये भारत एनकॅपमध्ये दोन्हीकडे ५ मिळवले. तीन दारी थारला २०२० मध्ये दोन्हीकडे ४ होते.

गुरखाचा उल्लेख आलाच आहे तर तिच्याबद्दल थोडं. पुढे-मागे दोन्हीकडे डिफ लॉक (म्हणजे एका धुऱ्याची दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारी कळ), २.६ लिटरचं डिझेल, पाच दारी रूपात सात जागा. लडाखला किंवा स्पितीला वारंवार जाणाऱ्या, सामान टपावर टाकायला न लाजणाऱ्या घराला ती शोभते. नागपूर-दापोलीला ती नेणं म्हणजे भाजी आणायला बैलगाडी जुंपणं. स्कॉर्पिओ-एन महामार्गावर या सगळ्यांत जास्त निवांत, पण तिसरी रांग उघडली की बॅगा ठेवायला जवळपास काही उरत नाही. म्हणजे ती पाच जणांची आणि भरपूर सामानाची गाडी, किंवा सात जणांची आणि सामानाविना.

आणि मुळात त्या तीन किलोमीटरला फोर बाय फोर लागतेच का? कोकणात एक जुनी कसोटी चालते : तिथे एसटी जाते का? लालपरीला मागच्याच चाकांची ओढ असते, आणि ती भर पावसात पन्नास माणसं घेऊन जाते. एसटी जात असेल तर साधी कारही जाते, फक्त पोट घासणार नाही एवढी उंची हवी. नागपूरच्या कुटुंबाचं दापोलीचं जाणं मे महिन्यातच होत असेल, तर रॉक्सचं मागच्या चाकांच्या ओढीचं रूपही चालेल. गणपतीत जायचं असेल तर मात्र डिझेल फोर बाय फोर. पेट्रोलमध्ये तो पर्याय नाही.

गाडी पाहायला जाताना आजीला घेऊन जावं. नऊवारीत किंवा पाचवारीत ती मागच्या दारातून कोणाचा हात न धरता चढते का, उतरताना पाय अधांतरी राहतो का, ते पाहावं. बाजूची पायरी जादा पैशांची असेल तर ती आधी लावावी, नंतर संगीत यंत्रणा. घरच्या खऱ्या बॅगा डिकीत भराव्यात. रॉक्स, जिम्नी, गुरखा या तिघींचंही मागचं दार स्टेपनीसकट आडवं उघडतं. घरच्या पार्किंगमध्ये मागे भिंत असेल तर ते पुरतं उघडतच नाही, आणि ही गोष्ट पैसे भरल्यावर कळते. चाचणी फेरीत स्वतः चालवून झालं की किल्ली बायकोकडे द्यावी आणि मागे जाऊन बसावं, खड्ड्यांच्या रस्त्याने, किमान अर्धा तास. विक्रेत्याला घाई असेल तर दुसऱ्या दिवशी परत यावं. आजीला त्या अर्ध्या तासात डुलकी लागली, तर बाकीचे आकडे घरी जाऊन शांतपणे पाहता येतील.

(पुढच्या आठवड्यात : टायरच्या कडेवरची अक्षरं)