सर्व्हर चालू ठेवूनच बदल

वेब ॲप्लिकेशन लिहिताना एक फेरा सारखा होतो: फाइल बदलायची, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायचा, मग ब्राउझरमध्ये पाहायचे. क्लोजर भाषेत हा फेरा टळतो. २००७ मध्ये रिच हिकी यांनी जाहीर केलेली ही भाषा लिस्पच्या कुळातली. लिस्पकडूनच तिला 'रेपल' मिळाले: लिहिलेले वाचायचे, त्याचे मूल्य काढायचे, उत्तर छापायचे आणि पुढच्याची वाट पाहायची. पुण्याच्या हेल्पशिफ्ट या कंपनीने आपले सर्व्हरचे काम क्लोजरमध्येच उभे केले.

चिकोडीचा एखादा अभियांत्रिकीचा विद्यार्थी निपाणीतल्या तंबाखूचा दर नोंदवणारे पान लिहितो आहे, असे धरू. सीमाभागात आकडा मराठी अंकांत येईल, तसाच कानडी अंकांतही. मजकुरातून पूर्णांक काढणारे क्लोजरचे 'पार्स-लाँग' हे फंक्शन तो ओळखेल का? फॉर्म न भरता हे रेपलमध्येच विचारता येते. उत्तर समाधानाचे आहे: जावा दोन्ही लिप्यांतले अंक ओळखते, त्यामुळे क्लोजरलाही ते कळतात.

फाइल लिहिता लिहिताच असे विचारायचे, तर एडिटर चालत्या प्रोग्रामला जोडावा लागतो. व्हीएस कोडमध्ये काल्व्हा, ईमॅक्समध्ये सायडर हे काम करतात. दोन्ही एन-रेपल या नेटवर्कवरच्या रेपलमार्फत प्रोग्रामशी बोलतात. मग फाइलमधले एकच फंक्शन निवडून तेवढेच चालत्या प्रोग्रामला देता येते.

नवखे अडतात ते सर्व्हर सुरू करताना. रिंग या वेब लायब्ररीमधून जेटी (वेब सर्व्हर) सुरू करताना 'जॉइन' हा पर्याय नकारार्थी ठेवावा, नाहीतर जेटी रेपलला अडवून बसते. दुसरी अडचण सहज लक्षात येत नाही. जेटीला हँडलर, म्हणजे विनंतीला उत्तर देणारे फंक्शन, थेट दिले, तर तिच्या हाती त्या क्षणीचे फंक्शन राहते. नंतर कितीही सुधारणा केल्या तरी ब्राउझरमध्ये जुनेच पान दिसते. फंक्शनऐवजी त्याचा 'व्हार', म्हणजे नाव धरून ठेवणारी जागा, दिला की प्रत्येक विनंतीला ताजी व्याख्या शोधली जाते. नावाआधी हॅश आणि एकेरी अवतरणचिन्ह, एवढीच दोन चिन्हे. पण सगळी सोय त्यांच्यावर उभी आहे.

डेटाबेसची जोडणी आणि सर्व्हरचा पोर्ट यांचे मात्र तसे नाही. ते आधी सोडून मगच पुन्हा घ्यावे लागतात. स्टुअर्ट सिएरा यांनी २०१३ मध्ये त्यावर शिस्त सुचवली: सगळे भाग एका व्यवस्थेत बांधायचे, थांबवायचे, बदललेल्या फाइली पुन्हा वाचायच्या आणि व्यवस्था नव्याने उभी करायची. जावाचे यंत्र तेवढा वेळ चालूच राहते. कंपोनंट आणि इंटिग्रंट या लायब्ररी याच कामाच्या. ब्राउझरकडच्या क्लोजरस्क्रिप्टसाठी फिगव्हील किंवा शॅडो-सीएलजेएस पान पुन्हा न उघडता बदल पोचवतात.