पदवीपासून 'एमपीएच'पर्यंत: वर्ष खरंच वाचतं का? जुन्नर-आंबेगावच्या विद्यार्थ्यांसाठी सोपं गणित

जुन्नर/आंबेगाव : नीटचा निकाल लागला की दोन्ही तालुक्यांतल्या अनेक घरांत एकच विषय निघतो. मार्क कमी पडले, खासगी मेडिकलची फी झेपणारी नाही. मग मुलगा किंवा मुलगी बीएस्सीला जाते आणि आरोग्य क्षेत्र कायमचं सुटलं, असं घरचे धरून चालतात. पण डॉक्टर न होताही या क्षेत्रात काम करता येतं. त्याचा एक रस्ता म्हणजे 'मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ', अर्थात एमपीएच. नव्या शैक्षणिक धोरणामुळे हा रस्ता वर्षभराने कमी झाला, असं सध्या कानावर येतं. ते अर्धंच खरं आहे.

हे शिक्षण नेमकं कशाचं?

भातलावणीत साप चावलेल्या माणसाला प्रतिविष देऊन वाचवतो तो डॉक्टर. पण दंश कोणत्या गावांत आणि कोणत्या महिन्यांत जास्त होतात, पश्चिम पट्ट्यातून दवाखान्यात पोचायला किती वेळ जातो, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष शिल्लक आहे का, हे शोधून उपाय आखणं म्हणजे सार्वजनिक आरोग्य. सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केला. असे आराखडे गावापर्यंत न्यायला आकडे वाचणारी आणि गाव ओळखणारी माणसं लागतात. शेजारच्या शिरूर तालुक्यात वढू येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प गावोगावच्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची वर्षानुवर्षे नोंद ठेवतो. हे काम याच प्रकारातलं.

वर्षांचं गणित

जुना मार्ग तीन वर्षं पदवी आणि दोन वर्षं एमपीएच, म्हणजे एकूण पाच वर्षं. नव्या रचनेत तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात, तर चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६०. ऑनर्स करणाऱ्याला पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात पूर्ण करता येईल, अशी तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ च्या आराखड्यात केली आहे. म्हणजे चार अधिक एक. बेरीज पुन्हा पाचच!

खरी मेख पुढे आहे. एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू करणं संस्थेच्या हातात असतं. जिथे प्रवेश घ्यायचा तिथे एमपीएच दोन वर्षांचंच असेल, तर ऑनर्स करणाऱ्याची बेरीज सहा होते. वर्ष वाचवायला गेलेल्याचं एक वर्ष उलट वाढतं, आणि खोलीभाडं, मेसचा खर्च वेगळाच.

सत्र वाचवण्याची सोय

वेळ खरोखर वाचवायचा तर 'प्रवेगक पदवी'ची सोय आहे. आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार विद्यार्थ्याने पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटी तसं सांगायचं असतं. दर सत्राला जादा क्रेडिट घेऊन तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत पूर्ण होऊ शकते. मात्र मंजूर जागांपैकी १० टक्के विद्यार्थ्यांनाच ही संधी मिळते, आणि महाविद्यालयाची समिती आधीचे गुण व कुवत पाहून निवड करते. शिवाय पाचवं सत्र दिवाळीच्या आसपास संपतं, तर पदव्युत्तर प्रवेश साधारण जून-जुलैमध्ये होतात. मधले सहा महिने नोकरी, प्रवेश परीक्षेची तयारी किंवा प्रकल्पकाम यांत गेले नाहीत, तर घाई करून हाती काही लागत नाही.

निर्णय कधी घ्यायचा?

राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवं धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. त्या वर्षी मंचर, घोडेगाव, जुन्नर किंवा ओतूरच्या महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्यांचं तिसरं वर्ष २०२६-२७ मध्ये आहे. पदवी घेऊन बाहेर पडायचं की चौथ्या वर्षाला थांबायचं, हे त्यांना तेव्हा ठरवावं लागेल.

त्याआधी चार गोष्टी विचारून घ्याव्यात:

१. आपल्या महाविद्यालयात आपल्या विषयाचं चौथं वर्ष आहे का?

२. हव्या त्या संस्थेत एमपीएच एक वर्षाचं आहे की दोन? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था इथे हा अभ्यासक्रम आहे. चालू वर्षाचं माहितीपत्रकच पाहावं, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नये.

३. आपली पदवी तिथे चालते का? अनेक ठिकाणी समाजशास्त्र, अर्थशास्त्रासारख्या विषयांच्या पदवीधरांनाही संधी असते. आर्ट्सवाल्यांनी आधीच हार मानू नये.

४. प्रवेश परीक्षा कोणती? टाटा संस्थेसाठी सीयूईटी-पीजी द्यावी लागते. तिचे अर्ज प्रवेशाच्या कितीतरी महिने आधी निघतात. निकालाची वाट पाहत बसलं की तारीख हुकते.

आदिवासी व इतर मागास प्रवर्गांतील विद्यार्थ्यांनी महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीसाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवावा.

पुढे काय?

एमपीएच केलं म्हणून कोणी डॉक्टर होत नाही. औषध लिहून देता येत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियान, सामाजिक संस्था आणि संशोधन प्रकल्प इथे कामं निघतात, पण त्यातली बरीच कंत्राटी असतात. काही पदांना वैद्यकीय पदवीच लागते. त्यामुळे फी भरण्यापूर्वी मागच्या वर्ष-दोन वर्षांच्या भरतीच्या जाहिराती काढून पात्रतेचा रकाना वाचावा. पाच वर्षं लागोत की साडेचार, शेवटी त्या रकान्यात आपली पदवी बसते का, हे महत्त्वाचं.