वाशीमच्या चौदा जागा

वाशीम जिल्हा परिषदेत ५२ गट आहेत. त्याचे २७ टक्के काढले की १४ येतात. ७ जानेवारी २०२०च्या मतदानात इतर मागासवर्गासाठी राखीव होत्या त्या याच १४ जागा. हा सरळ हिशेब पुढे सर्वोच्च न्यायालयात अडला आणि निवडून आलेल्यांना घरी बसावे लागले.

मुळात २७ टक्के आले कुठून? संविधानाच्या २४३-ड कलमाने मागासवर्गाच्या राखीव जागांचे प्रमाण ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले. महाराष्ट्राने १९६१च्या जिल्हा परिषद कायद्यात थेट आकडाच घातला, मग जिल्हा कोणताही असो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१०च्या कृष्णमूर्ती निकालाने तीन अटी घातल्या होत्या: स्वतंत्र आयोगाची पाहणी, प्रत्येक संस्थेपुरते प्रमाण, आणि सगळे आरक्षण मिळून पन्नास टक्क्यांची मर्यादा. दहा वर्षांत राज्याने पाहणी केली नाही. ४ मार्च २०२१ रोजी विकास किशनराव गवळी खटल्यात न्या. खानविलकर यांच्या पीठाने २७ टक्के ही सक्ती नसून कमाल मर्यादा आहे, असा अर्थ लावला आणि पन्नास टक्क्यांची मर्यादा ओलांडणाऱ्या अधिसूचना त्या प्रमाणात रद्द केल्या. वाशीम, अकोला, नागपूर, भंडारा, गोंदिया हे जिल्हे या वादात होते. २०२०ची निवडणूक या याचिकेच्या निकालाच्या अधीन राहूनच झाली होती. त्यामुळे रिकाम्या झालेल्या जागांसाठी ५ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वसाधारण प्रवर्गातून पोटनिवडणूक झाली. वाशीममध्ये १४ गट आणि पंचायत समित्यांचे २७ गण.

आकडा कोणी ठरवायचा आणि कायद्याचा अर्थ कोणी लावायचा, हा प्रश्न जुना आहे. कायदेमंडळाने आपले मूळ काम दुसऱ्याच्या हाती देऊ नये, हे आपल्याकडे १९५१च्या दिल्ली कायदे प्रकरणापासून मान्य आहे. अमेरिकेत वाद वेगळ्या वळणाने गेला. तिथे १९८४च्या शेव्हरॉन निकालाने कायदा संदिग्ध असेल तर सरकारी खात्याने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयाने मानावा, असे ठरवले. हेरिंग मासेमारी बोटींवरच्या निरीक्षकांचा पगार मच्छीमारांनीच द्यावा, असा नियम खात्याने काढला. त्यावरून चाललेल्या लोपर ब्राइट खटल्यात २८ जून २०२४ रोजी शेव्हरॉनचे ते तत्त्व मोडीत निघाले. कायद्याचा अर्थ लावणे हे न्यायाधीशांचे काम, असे तिथले न्यायालय म्हणाले.

माझ्या मते गवळी निकाल तत्त्वाने बरोबर आहे. आकडा ठरवायचा तर आधी मोजले पाहिजे. न मोजता दिलेले आरक्षण ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच सर्वांत असुरक्षित ठेवते. पण मोजण्याची जबाबदारी राज्याची होती आणि किंमत मात्र वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड-मानोऱ्याच्या गावांतून निवडून आलेल्या सदस्यांनी मोजली, हे मला पटत नाही. न्यायालयाने सरकारला मुदत देऊन पाहणी करून घ्यायला हवी होती.

पुढे ही पाहणी करणाऱ्या बांठिया आयोगाचा अहवाल आला आणि जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने आरक्षणाला वाट दिली. मग प्रभागरचनेच्या वादात निवडणुका पुन्हा अडकल्या. ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने अहवालापूर्वीच्या आरक्षणानुसार मतदान घ्यायला सांगितले.